बरणीतली मटकी जिवंत आहे का?

गेल्या वर्षी श्रावणात एका दुपारी माझ्या भाचीचा बडोद्याहून फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता तिने थेट विचारलं, "मावशी, तू इतकी वर्षं शाळेत बायोलॉजी शिकवलंस. मला एकच सांग, ते जिवंत आहेत की नाहीत?"

'ते' म्हणजे कोण, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. सहा वर्षांपूर्वी तिने आयव्हीएफचे उपचार घेतले होते. त्यातून तिला मुलगा झाला, तो आता पाच वर्षांचा आहे आणि घर डोक्यावर घेतो. त्या वेळी तयार झालेल्या भ्रूणांपैकी दोन उरले. ते एका केंद्रात द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेले आहेत. दरवर्षी केंद्राकडून विचारणा होते, पुढे ठेवायचे की नाही? दरवर्षी नवरा-बायको पैसे भरतात आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. गेल्या वर्षी मात्र दुसरं मूल नको असं दोघांचं जवळजवळ ठरलं होतं, आणि फॉर्मवरच्या 'नाही'च्या चौकोनात खूण करायला तिचा हात काही उचलत नव्हता.

घरात दोन मतं होती. सासूबाई म्हणत, "जीव आहे तो, असा टाकून द्यायचा नसतो." नवरा म्हणत होता, "आई, तिथे काहीच चालू नाही. वाढ नाही, श्वास नाही. गोठलेल्या पेशींचा एक ठिपका आहे." भाचीला दोघांचंही पटत होतं, हीच तिची अडचण होती. (हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे, नाव तेवढं लिहीत नाही.)

"उद्या सांगते," म्हणून मी फोन ठेवला. खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. सजीवांची लक्षणं मी कित्येक वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली आहेत. वाढ, श्वसन, हालचाल, उत्सर्जन, प्रतिसाद, प्रजनन. त्या यादीवर बोट ठेवलं तर जावयाचं बरोबर होतं. पण त्याच रात्री मटकी भिजत घालायला बरणी काढली आणि यादीच डळमळली. फडताळात सहा महिने पडलेला मटकीचा दाणा यातलं काय करतो? वाढत नाही, हलत नाही, श्वास घेत असलाच तर इतका मंद की मोजणं मुश्कील. यादीप्रमाणे तो निर्जीव. मग उद्या फडक्यात बांधल्यावर त्याला पांढराशुभ्र मोड येईल तेव्हा जीव आला कुठून? पाण्यात नव्हता, फडक्यातही नव्हता.

आणि गणंग? कितीही भिजवा, टणकच राहणारे दाणे. आई ते वेचून टाकायची, म्हणायची "मेलेले आहेत." पुढे शिकताना कळलं की बऱ्याचदा ते मेलेले नसतात. त्यांचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आतच शिरत नाही. म्हणजे झोपलेला दाणा आणि मेलेला दाणा बाहेरून सारखेच दिसतात. कोण कुठला, हे कळायला त्याला जागं करून पाहण्याखेरीज इलाज नाही.

मी जुनी पुस्तकं काढून बसले. हा प्रश्न तीनशे वर्षं जुना निघाला, आणि त्यावर भांडलेली माणसं काही ऐरीगैरी नव्हती.

सुरुवात होते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. आंतोनी फान लेवेनहूक हा पेशाने कापडाचा व्यापारी, स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. १७०२ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने घराच्या छपरावरच्या पन्हळीतला वाळलेला गाळ घेतला. भुकटीच ती. काचेच्या नळीत घालून वर उकळून गार केलेलं पाणी ओतलं. तासाभरात त्या धुळीतून इवले जीव पोहायला लागले. तोंडाशी दोन चाकं फिरल्यासारखी दिसणारे हे प्राणी, ज्यांना आपण आज रोटिफर म्हणतो. पाणी उकळून घेतलेलं, म्हणजे ते पाण्यातून आले नव्हते. गाळ कित्येक महिने कोरडा ठेवून त्याने पुन्हा पाहिलं, तरी तेच. लेवेनहूकने याला पुनर्जन्म वगैरे म्हटलं नाही. त्याचा अंदाज साधा होता. या प्राण्यांची कातडी इतकी घट्ट असावी की आतलं पाणी बाहेर जातच नाही. वरून सुकलेले दिसतात, आत ओले असतात. म्हणजे आमच्या गणंगांच्या उलट! गणंगात पाणी आत जात नाही, इथे बाहेर येत नाही. अंदाज चुकीचा ठरला, पण मला तो आवडतो. डोळ्यांना दिसलेलं नाकारायचं नाही आणि त्यावर भलते इमलेही चढवायचे नाहीत, ही त्या माणसाची सवय.

१७४३ मध्ये जॉन नीडहॅम या इंग्रज पाद्र्याने गव्हाचा एक रोगट, काळा पडलेला दाणा फोडला. आत पांढरे धागे होते. त्यावर पाण्याचा थेंब सोडला तर धागे वळवळू लागले! ते सूक्ष्म कृमी होते. त्याने असे काही दाणे लंडनच्या हेन्री बेकरला दिले. बेकरने ते जपून ठेवले आणि १७७१ साली, तब्बल २७ वर्षांनी, त्यातले कृमी पुन्हा हलताना पाहिले. सत्तावीस वर्षं न खाता-पिता! आमच्याकडे सत्तावीस वर्षं जपलेली वस्तू म्हणजे एखादा शालू नाहीतर लग्नातला चांदीचा तांब्या.

आता हे सगळं इतकं वादाचं का झालं, हे समजून घ्यायला हवं. त्या काळी जीव म्हणजे काय याबद्दल ढोबळपणे दोन पक्ष होते. एक म्हणे, शरीर ही माती. तिच्यात एक वेगळी प्राणशक्ती असते, ती गेली की माणूस गेला, आणि गेलेली शक्ती परत येत नाही. दुसरा म्हणे, वेगळं काही नसतं. शरीर हे यंत्र, ते चालू आहे तोवर जीव आहे. आणि हा सुकलेला किडा दोघांच्याही मुळावर आला. पहिल्या पक्षाला विचारा, सत्तावीस वर्षं ती प्राणशक्ती होती कुठे? दुसऱ्याला विचारा, यंत्र पूर्ण बंद पडलं, म्हणजे तुमच्याच हिशेबाने मृत्यू झाला, मग हा मेलेला उठला कसा?

पावियाचे प्राध्यापक लाझारो स्पालांझानी यांनी हा प्रश्न अगदी हात धुऊन मागे लागून तपासला. तेही धर्मोपदेशकच. १७७६ च्या त्यांच्या पुस्तकात रोटिफरांवरचे प्रयोग आहेत. सुकवायचे, भिजवायचे, परत सुकवायचे, परत भिजवायचे. वाळूच्या कणांत सुकवले तर उठतात, नुसत्या काचेवर सुकवले तर मरतात, इतकं बारीक त्यांनी पाहिलं. तसाच वागणारा आणखी एक आठ पायांचा संथ प्राणी त्यांना भेटला, त्याला त्यांनी 'मंद चालणारा' अशा अर्थाचं नाव दिलं. तोच आजचा टार्डिग्रेड, आपल्या मुलांना कार्टूनमधून माहीत असलेलं पाणअस्वल. स्पालांझानींना यात खरंखुरं मरण आणि खरंखुरं पुनरुत्थान दिसलं. व्हॉल्तेअरशी त्यांचा या विषयावर पत्रव्यवहार झाला, आणि त्यात साहजिकच आत्म्याची गोष्ट निघाली. प्राणी सुकतो तेव्हा त्याचा आत्मा काय करतो? आमच्या भाचीच्या सासूबाईंनी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता.

मग येतं पॅरिस, १८५९ ते १८६०. या प्रकरणावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण शाळेत आम्ही यातलं अर्धंच शिकवतो.

पाश्चरची हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेली चंबू सगळ्यांना आठवत असेल. निर्जीव पदार्थातून जीव आपोआप निर्माण होत नाही, हे पाश्चरने दाखवलं. त्याच्या विरुद्ध उभा होता फेलिक्स पुशे, रुआँच्या निसर्गसंग्रहालयाचा संचालक. वाळलेल्या गवताचा काढा उकळून बंद केला तरी त्यात जीव दिसतात, म्हणजे ते नव्याने निर्माण झाले, असं त्याचं म्हणणं. पाठ्यपुस्तकात पुशे येतो तो हरलेला म्हणून, आणि धडा संपतो.

पण हाच पुशे त्याच वर्षी आणखी एका भांडणात होता. लुई द्वायेर या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये दाखवलं होतं की नीट सुकवलेली टार्डिग्रेड पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर तापवली तरी नंतर पाण्यात जागी होतात. पुशेने ते साफ नाकारलं. खरोखर सुकला तो मेला. जो उठतो तो पुरता सुकलेलाच नव्हता, असं त्याचं मत. एकीकडे निर्जीव काढ्यातून जीव निघतो म्हणणारा माणूस दुसरीकडे सुकलेला प्राणी उठतो हे मानायला तयार नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विचित्र वाटलं. मग उलगडा झाला. त्याच्या काढ्याच्या प्रयोगाचा सगळा पाया 'उकळलं की सगळं मरतं' या गृहीतावर उभा होता. सुकलेला जीव उकळी सहन करतो असं ठरलं असतं तर काढ्यातला जीव नवा कशावरून, आधीचाच कशावरून नाही?

पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळाने चौकशी समिती नेमली. अहवाल लिहिला पॉल ब्रोका यांनी, मेंदूतलं वाचेचं केंद्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच. समितीने शेवाळातले प्राणी ८२ दिवस कोरड्या निर्वातात ठेवले, मग अर्धा तास १०० अंशाला तापवले, आणि पाणी घातलं. त्यातले काही हलले. १८६० च्या या अहवालाने द्वायेरची बाजू उचलून धरली. जीव म्हणजे नेमकं काय यावर मात्र शेवटचा निकाल दिला नाही, आणि तो त्यांनी दिला नाही हेच बरं.

आता यातली गंमत. पाश्चर जिंकला, १८६२ मध्ये विज्ञान अकादमीचं बक्षीसही त्याला मिळालं. पण त्याचे प्रयोग होते यीस्टच्या पाण्यावर. पुशेच्या गवताच्या काढ्यात खरोखरच जीव दिसायचे, तो खोटं बोलत नव्हता! १८७६ मध्ये जर्मनीत फर्डिनांड कोन यांनी कारण शोधलं. गवतात राहणारा एक जिवाणू संकट आलं की जाड कवचाचं बीजाणू होऊन बसतो, आणि तो उकळीला दाद देत नाही. म्हणजे पुशेच्या चंबूत बसला होता तो एक झोपलेला जीव. ज्या प्रकारच्या झोपेचं अस्तित्वच पुशे नाकारत होता, तिनेच त्याला फसवलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन टिंडल यांनी त्यावर तोड काढली. काढा एकदा तापवायचा, थांबायचं, पुन्हा तापवायचा. मधल्या वेळात बीजाणू उगवून नाजूक होतात आणि पुढच्या तापवण्यात मरतात. झोपलेल्याला मारता येत नसेल तर आधी जागं करायचं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हसायची, आणि अर्थातच हेच त्यांच्या लक्षात राहायचं.

त्यानंतर शास्त्रज्ञांनी दोन खान्यांऐवजी तिसरा खाना करायला सुरुवात केली. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांच्या १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत जीवनाचे तीन प्रकार आहेत. सतत चालणारं जीवन, तुमचं-माझं. परिस्थितीप्रमाणे कमीजास्त होणारं, हिवाळ्यात झोपणाऱ्या प्राण्यांचं. आणि सुप्त जीवन, बियांचं, बीजाणूंचं, सुकलेल्या रोटिफरचं. जर्मनीत विल्हेल्म प्रेयर यांनी आणखी एक रेघ ओढली: 'निर्जीव पण जगू शकणारा' वेगळा आणि 'मेलेला' वेगळा. आमच्या इंदूरच्या जुन्या घरात नानांचं लंबकाचं घड्याळ होतं. चावी द्यायला विसरलं की बंद पडायचं. त्याला कुणी मोडलेलं घड्याळ म्हणत नसे. एकदा मात्र ते खिळ्यावरून पडलं आणि चक्रं वाकली. दोन्ही वेळा काटे थांबलेलेच होते.

हे सगळं एका धाग्यात ओवलं ते केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी. पेशी श्वसन करतात ती सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांच्या साखळीने, हा शोध त्यांचा. म्हणजे ज्याने आयुष्यभर 'जीव म्हणजे श्वास' याचीच रसायनं उलगडली, त्याच माणसाने १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ व्याख्यानात मांडलं की श्वसनासकट सगळी रसायनं पूर्ण थांबूनही जीव टिकू शकतो. या अवस्थेला त्यांनी क्रिप्टोबायोसिस, म्हणजे गुप्त जीवन, हे नाव दिलं. टिकते ती हालचाल टिकत नाही, टिकते ती रचना. रेणू जिथल्या तिथे, घडी न मोडता. रचना शाबूत आहे तोवर पाणी आणि ऊब मिळताच सगळं पुन्हा सुरू होऊ शकतं. ती विस्कटली की संपलं.

माझ्या मते या साऱ्या भांडणात हे सर्वांत मोठं वळण आहे, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांच्या यादीत ते अजून पोचलेलं नाही.

रचना टिकते कशी, हे मात्र स्वयंपाकघरातून समजावता येतं. खडीसाखर आणि चिक्कीचा पाक, दोन्ही साखरच. खडीसाखरेत कण रांगेत बसून टोकदार स्फटिक होतात. चिक्कीचा पाक मात्र काचेसारखा थिजतो. जो कण जिथे होता तिथेच अडकतो. पेशीतून पाणी गेलं की तिची पापुद्र्यासारखी आवरणं एकमेकांना चिकटतात, प्रथिनं पिळवटतात. यीस्टसारखे जीव सुकण्याआधी ट्रेहॅलोज नावाची साखर भरपूर साठवतात. ती पाण्याच्या जागी बसते आणि आतलं सगळं पाकासारखं थिजवून टाकते. बाजारातली सुक्या यीस्टची पुडी कोमट पाण्यात फेसाळते ती यामुळे. रोटिफर आणि काही टार्डिग्रेड ही साखर वापरत नाहीत, टार्डिग्रेडांकडे तेच काम करणारी खास प्रथिनं सापडली आहेत. युक्ती एक, सामान वेगळं.

ओंकारेश्वरच्या घाटावर मी एकदा 'संजीवनी बूटी' म्हणून विकतात ती मुठीएवढी तपकिरी गुंडी आणली होती. रात्री वाडग्यात पाणी घालून ठेवली, सकाळी हिरवा पंखा उलगडलेला. ती सेलाजिनेला जातीची नेचेवर्गीय वनस्पती. तिने लक्ष्मणाला उठवलं का ते मला ठाऊक नाही, पण स्वतःला उठवते हे खरं. सह्याद्रीच्या कातळसड्यांवर उन्हाळ्यात करपून पहिल्या पावसात हिरव्या होणाऱ्या अशा वनस्पती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. २०२२ मधल्या त्यांच्या यादीत ६२ जाती होत्या. आणि लेवेनहूकचा रोटिफर? सायबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीतून काढलेला एक रोटिफर सुमारे २४,००० वर्षांनी जागा झाला आणि त्याला पिल्लंही झाली, असं २०२१ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं.

इथून माझ्या भाचीच्या दोन भ्रूणांपर्यंत एकच पायरी. माणसाच्या पेशीला स्वतःहून असं थिजता येत नाही. नुसती गोठवली तर आत बर्फाचे स्फटिक होतात, खडीसाखरेसारखे टोकदार, आणि पेशी फाटते. म्हणून आधी तिच्यातलं बरंचसं पाणी काढून संरक्षक द्रव्य भरतात आणि इतक्या झपाट्याने थंड करतात की स्फटिकांना सवडच मिळू नये. चिक्कीचा पाक. टार्डिग्रेडला जन्मजात येतं ते प्रयोगशाळेत बाहेरून करायचं.

आणि यात आपल्या देशातला एक माणूस फार आधी पोचला होता. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवून मग आईच्या गर्भाशयात सोडला, आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. 'दुर्गा' या नावाने ती ओळखली गेली. सरकारी चौकशी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या भ्रूणातून जन्म म्हणून जगाने मान्य केलेलं पहिलं बाळ ऑस्ट्रेलियातलं, १९८४ चं. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली, ती देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली गेली. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या वह्या स्वतः वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिलं की हा मान आपला नव्हे, त्यांचा. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट असा काढून देणारे किती असतात? चौकशी समितीपुढे मुखोपाध्याय उभे होते तेव्हा गोठून थांबलेला जीव पुन्हा चालू होतो यावर शहाण्या माणसांचाही विश्वास बसत नव्हता. त्या आधी पावणेतीनशे वर्षं पन्हळीतला गाळ तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. इतकं सगळं नाही, पण बरंचसं सांगितलं. म्हटलं, "जिवंत हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. तुझा मुलगा धावतो, चिडतो, वाढतो, त्या अर्थाने ते जिवंत नाहीत. तुझ्या नवऱ्याचं खरं आहे. पण थांबलेलं म्हणजे मेलेलं नव्हे. त्यांची रचना शाबूत असेल तर सहा वर्षं काय आणि तीस वर्षं काय, त्यांच्यासाठी वेळ गेलेलाच नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये तीस वर्षं गोठवलेल्या भ्रूणांतून जुळी झाली. तेव्हा सासूबाईही उगाच बोलत नाहीत."

"म्हणजे मेलेले नाहीत, एवढं तरी नक्की?"

"तेही नक्की नाही गं. गोठवताना किंवा वितळवताना काही टिकत नाहीत. कळण्याचा मार्ग एकच, वितळवून पाहणे. आणि ते एकदाच करता येतं."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तू काहीच सांगितलं नाहीस, मावशी."

मला ते लागलं, पण तिचं चूक नव्हतं. ते दोन ठिपके कुठल्या अवस्थेत आहेत एवढं विज्ञान सांगू शकतं. त्यांचं आपण काय देणं लागतो, हे ब्रोकांच्या समितीला सांगता आलं नाही, केलिनना नाही, मला तर नाहीच. ते मी तिला तसंच सांगितलं. शिवाय हेही, की 'नाही'च्या चौकोनात खूण केली तर ती खुनी ठरत नाही आणि 'हो'च्या चौकोनात केली तर वेडी ठरत नाही. २०२१ च्या कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. मग संपू द्यायचे किंवा लेखी संमतीने संशोधनाला द्यायचे.

"म्हणजे अजून चार वर्षं," ती म्हणाली.

त्या वर्षीचे पैसे त्यांनी भरले. यंदाही भरले. सासूबाई आणि जावई आता या विषयावर भांडत नाहीत. परवा दिवाळीला सगळे आले होते, तेव्हा मी मटकीची उसळ केली. आठ गणंग निघाले. भाचीच्या मुलाने विचारलं हे टाकायचे का. आम्ही दोघांनी मिळून ते पॉलिश पेपरवर थोडे घासले, रात्रभर भिजवले आणि गच्चीवरच्या कुंडीत टोचले. तो गेल्यावर आठवडाभराने त्याला फोटो पाठवला. आठांतले तीन उगवले होते.